जुने नकाशे आणि जमिनीखालचा इतिहास

कुदळ जमिनींत पडण्यापूर्वीं जुना नकाशा पाहावा, हा पुराणवस्तुसंशोधनाचा एक साधा नियम आहे. एकदां खणलेली जागा पुन्हां पहिल्यासारखी होत नाहीं. थरांतला पुरावा त्या एका वेळेसच वाचतां येतो. शहरांत तर इमारतीचा पाया खणतांना तो कोणी न वाचतांच नाहींसा होतो. म्हणून कोठें काय असण्याचा संभव आहे, याचा अदमास आधीं मेजावर बसून बांधावा लागतो.

मुंबईच्या कोटाचें उदाहरण घ्यावें. गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७१५ ते १७२२ या काळांत, शहराभोंवतीं तट उभा राहिला. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां इंग्रजांस धास्ती पडून तटाबाहेर खंदक खोदण्याचें काम निघालें. अपोलो गेट, चर्चगेट व बझार गेट या तटाच्या तीन मुख्य वेशी. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ पर्यंत गव्हर्नर असतां तट पाडण्यांत आला व खंदक बुजविण्यांत आला.

आज चर्चगेट म्हटलें कीं रेल्वेचें स्टेशन डोळ्यांपुढें येतें. मूळ वेस मात्र तेथें नव्हती. ती पूर्वेस, फ्लोरा फाउंटनच्या जागीं, सेंट टॉमस चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर होती. नुसत्या नांवावर विसंबून जो वेशीचा पाया शोधूं जाईल, तो पाव मैलाहून अधिक चुकेल.

हा घोळ नकाशांनीं सुटतो. कॅप्टन डिकिन्सन यांची महसूल मोजणी १८२७ मध्यें पुरी झाली. तेव्हां तट उभा होता. कर्नल लॉटन यांची मोजणी १८६५ ते १८७२ या काळांतली. तेव्हां तट जाऊन त्या जागीं नवे रस्ते होत होते. असे दोन नकाशे एका मापावर आणून एकमेकांवर बसवावयाचे असतात. त्यासाठीं दोहोंत न हललेल्या खुणा लागतात. १७१८ मध्यें उघडलेलें सेंट टॉमस चर्च ही अशी एक खूण होय. निदान तीन-चार खुणा जुळल्या, म्हणजे खंदकाची रेषा आजच्या कोणत्या रस्त्याखालून जाते, तें दिसूं लागतें. १७६९ मध्यें बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ अद्याप उभा आहे. नकाशा बरोबर बसला कीं नाहीं, याची परीक्षा तेथें घेतां येते.

तथापि नकाशा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची उलटतपासणी करावीच लागते. तो कोणी व कशासाठीं काढला? लष्करी नकाशांत केवळ योजलेले, पण कधींच न बांधलेले बुरूजहि आढळतात. महसुली नकाशांत साऱ्याची जमीन ठळक असते, गरिबांच्या झोंपड्या गळतात. कोरी जागा म्हणजे ओसाड जागा नव्हे. माप कोणतें, हेंहि पाहावें. मैलास एक इंच या मापाच्या नकाशावर इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढी चूक झाली, तर जमिनीवर सुमारें १०५ फूट फरक पडतो. शंभर फुटांस एक इंच या मापावर तोच फरक दोन फूट भरतो. शिवाय जुना कागद आक्रसतो वा फुगतो. म्हणून नकाशावरच छापलेली मापपट्टी आधीं मोजून घ्यावी.

एवढी खबरदारी घेतली, तरी अखेरचा निर्णय जमीनच देते. परंतु कोठें थांबून हलक्या हातानें खणावें, हें नकाशा सांगूं शकतो. रस्त्यासाठीं वा इमारतीसाठीं खणण्यापूर्वीं कोणी तो उलगडून पाहिला, तर तटाचा पाया निदान मोजून, चित्रित करून ठेवतां येतो. काम उरकल्यानंतर नकाशा पाहिला, तर आपण काय गमावलें एवढेंच त्यावरून कळतें.