खोळंबलेला प्रवास : तंजावरची अन्नछत्रे आणि गाजा चक्रीवादळ

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात प्रवास अडतो तो पाण्याने आणि वाऱ्याने. त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीने समुद्राजवळ फाटे फोडून गाळावर घडवलेली सपाट भूमी. तंजावरच्या पूर्वेस ही भूमी इतकी मंद उताराची आहे की कावेरी, वेण्णार, वेट्टार आणि त्यांचे कालवे भरून वाहू लागले म्हणजे साचलेले पाणी ओसरण्यास दिवसचे दिवस लागतात, आणि रस्ते पुष्कळ ठिकाणी बांधांवरून व भरावांवरून जात असल्यामुळे एखादी मोरी वाहून गेली तरी पलीकडच्या गावांची वाट तुटते. महाराष्ट्रात पावसाळा सरून दिवाळीची उघडीप पडलेली असते, नेमका तेव्हा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, येथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही त्याच महिन्यांत या किनाऱ्याकडे वळतात.

प्रवास अडवण्याचे हेच काम ऑस्ट्रेलियात आग करते. 2019-20 च्या उन्हाळ्यात वणव्यांमुळे तेथील आग्नेय किनाऱ्यावरचा प्रिन्सेस हायवे ठिकठिकाणी बंद झाला, आणि मॅलाकूटा या गावी अडकलेल्या रहिवाशांना व सुट्टीसाठी आलेल्या प्रवाशांना जानेवारी 2020 मध्ये नौदलाच्या जहाजातून बाहेर काढावे लागले. आग असो वा पाणी, रस्ता बंद होण्याची कारणे देशपरत्वे बदलतात. बंद झालेल्या रस्त्यावरच्या माणसाचे काय करावयाचे हा प्रश्न मात्र सर्वत्र सारखाच राहतो. तंजावरच्या मराठी राज्यकर्त्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले होते, आणि ते ज्या वाटेवर दिले त्याच वाटेच्या मुलखावर 2018 साली गाजा चक्रीवादळ येऊन आदळले, म्हणून या दोहोंचा एकत्र विचार येथे केला आहे.

तंजावरहून रामेश्वरास जाणारी जुनी वाट ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै यांवरून समुद्राकाठी उतरते व पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे जाते. काशी-रामेश्वर करणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट असल्यामुळे भोसले राजांनी तिच्यावर अन्नछत्रे बांधली. अन्नछत्र म्हणजे वाटसरूस विनामूल्य अन्न व निवारा देणारी, जमिनींच्या व गावांच्या उत्पन्नावर चालणारी संस्था. पुष्कळ छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे मिळाली. ओरत्तनाडूचे छत्र दुसऱ्या सरफोजीराजांची प्रिया मुक्तांबा हिच्या नावाने, तर नीडामंगलमचे यमुनांबेच्या नावाने ओळखले जाते. किनाऱ्यावरच्या सेतुबावाछत्रम या गावाच्या तर नावातच छत्र टिकून आहे.

1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेल्यावर, छत्रे तरी आपल्या हाती राहावीत म्हणून सरफोजीराजांनी 1801 च्या जानेवारीत रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहिले. रेसिडेंट म्हणजे दरबारी नेमलेला कंपनीचा प्रतिनिधी. त्या पत्रात छत्रांच्या नित्यक्रमाचे जे वर्णन आहे ते धर्मकृत्याच्या गौरवापेक्षा व्यवस्थेच्या तपशिलासाठी वाचावे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत सर्वांना भात मिळे. शिजवलेले न घेणाऱ्यास शिधा दिला जाई. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून, जेवायचे कोणी राहिले असेल त्याने यावे, अशी हाक दिली जाई. पुढे जाता न येणाऱ्या वाटसरूस तो छत्रात असेपर्यंत जेवू घालत. सूज व सर्पविष यांवर उपचार जाणणारे वैद्य तेथे नेमलेले असत, आणि पूर आला की बिळांत पाणी शिरून साप कोरड्या जागी, म्हणजे माणसे जमतात तेथेच येतात, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या नेमणुकीचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही. तान्ह्या मुलांना दूध होते. वाटेत बाळंत झालेल्या स्त्रीस तीन महिने राहण्याची मुभा होती. वाटेत मेलेल्या निर्धनाचे अंत्यविधी त्याच्या जातीच्या रीतीने होत. ही व्यवस्था जातिभेद मोडणारी नव्हती, आणि तिचा खर्च शेवटी रयतेच्याच घामातून निघे, ही तिची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. तरीही तिच्या मुळाशी एक हिशेब स्पष्ट दिसतो : प्रवास खोळंबणे हा अपवाद न धरता प्रवासाचाच भाग धरलेला होता, आणि त्याची तरतूद आधीच करून ठेवलेली होती.

गाजा 16 नोव्हेंबर 2018 च्या मध्यरात्रीनंतर नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता व झोत 120 पर्यंत जात होते. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटून चक्रीवादळ सहसा मंदावते. गाजाही तसेच मंदावत पश्चिमेकडे सरकत गेले. पूर्वसूचना वेळेवर मिळाली होती, शाळांना सुट्टी दिली होती आणि सुमारे 80,000 लोकांना आधीच छावण्यांत हलवले होते. छत्रांच्या काळी असे पूर्वज्ञान नव्हते, आणि या एका बाबतीत आजची व्यवस्था निर्विवाद श्रेष्ठ आहे.

रस्ते अडले ते प्रामुख्याने झाडांनी. पट्टुक्कोट्टै-ओरत्तनाडूचा भाग नव्या त्रिभुज प्रदेशात मोडतो, म्हणजे मेट्टूर धरणानंतर 1934 मध्ये सुरू झालेल्या कल्लणै कालव्याचे पाणी जेथे पोहोचले त्या भागात. या पाण्यावर तेथे नारळाच्या बागा वाढल्या. नारळास सोटमूळ नसते, तंतुमुळांचा केवळ जुडगा असतो, त्यामुळे भिजून भुसभुशीत झालेल्या जमिनीतून तो मुळांच्या गड्ड्यासकट उपटून आडवा होतो. अशी लक्षावधी झाडे पडली. रस्त्यावर पडलेला माड सरळ तोडून बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्याबरोबर विजेचा खांब आणि ताराही खाली आलेल्या असतात, आणि वाहिनी बंद असल्याची खात्री होईपर्यंत करवत लावणे जिवावरचे ठरते; शिवाय कोसळलेल्या खांबांची संख्याच लाखाच्या घरात होती. मदत पोहोचत नाही म्हणून संतापलेल्या गावकऱ्यांनी पुढे काही ठिकाणी स्वतःच रस्ते रोखले, आणि 20 नोव्हेंबरला पाहणीस निघालेले तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री पळनीस्वामी यांनाही खराब हवामानामुळे दौरा अर्धवट सोडून परतावे लागले.

राज्य शासनाने माडामागे 1,100 रुपये भरपाई ठरवली; त्यांपैकी 600 झाडाचे व 500 ते तोडून हलवण्याचे होते, आणि हेक्टरी 175 झाडे धरून ही रक्कम 1,92,500 रुपये होई. हे दरपत्रक काळजीपूर्वक केलेले होते, पण ते गावात घर आणि जमीन असलेल्यासाठी होते. निवारा छावण्यांच्या याद्याही गाववार होतात, त्यामुळे परगावचा ट्रकचालक, कामासाठी फिरणारा मजूर किंवा वेळांकण्णीच्या यात्रेस निघालेले कुटुंब त्यांत कोणत्याच रकान्यात बसत नाही. ओरत्तनाडूने चक्रीवादळाचा तडाखा दोनदा पाहिला आहे, कारण गाजाच्या आधी 2008 च्या नोव्हेंबरात निशा चक्रीवादळात याच गावी एका दिवसात 60 सेंटीमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता.