दिलेलें मत आणि हक्काचें मत

(कांजूरमार्ग येथील सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



बाजारांत, आगगाडीच्या डब्यांत, गांवीं गेलें तर पारावर, एक वाक्य वारंवार कानीं पडतें : "पुरे झाल्या या निवडणुका, एखादा चांगला राजा असता तर सारें सुरळीत चाललें असतें." असें बोलणारा मनुष्य वाईट नसतो. पाण्यासाठीं, रेशनासाठीं, एका दाखल्यासाठीं खेटे घालून तो विटलेला असतो. त्याच्यावर रागावूं नये. राजाच्या राज्यांत निवडणूक होते तेव्हां काय घडतें, एवढेंच त्याला दाखवावें. म्हणून आज दोन राज्यांची हकीकत सांगतों.

पहिलें राज्य आपल्याच मुलखांतलें. सातारा, सांगली, विजापूर या बाजूला विखुरलेलें बहात्तर गांवांचें औंध संस्थान. वस्ती सुमारें ७५ हजार. कुंडल, आटपाडी, किर्लोस्करवाडी हीं नांवें तिकडच्या मंडळींना सांगावयास नकोत. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं २१ जानेवारी १९३९ रोजीं कारभार रयतेच्या हातीं देणारी घटना जाहीर केली. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन हे त्या कामांत पुढें होते. सल्ला महात्मा गांधींचा होता. गांवानें पांच पंच निवडावे, गांवपंचायतींतून तालुका उभा राहावा, तालुक्यांतून राज्याची सभा, अशी ती रचना.

चांगलें तें चांगलें म्हटलेंच पाहिजे. हातची सत्ता आपण होऊन सोडणारा राजा विरळा. परंतु शेजारच्या संस्थानांतला कुणबी, सुतार, कुंभार तितकाच राबत होता. त्याचा राजा वेगळा, म्हणून त्याचें नशीब वेगळें! ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि ती घटनाहि संस्थानाबरोबर संपली. दात्याच्या मर्जीवर मिळालेली वस्तु दात्याच्या मर्यादेपलीकडे जात नाहीं.

दुसरें राज्य दूरचें, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचें लिबिया. तें आधीं इटलीच्या ताब्यांत होतें. महायुद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंच तेथें कारभार पाहत होते. २४ डिसेंबर १९५१ रोजीं देश स्वतंत्र झाला आणि इद्रिस हे राजे झाले. १९ फेब्रुवारी १९५२ रोजीं पहिली निवडणूक झाली. त्याच आठवड्यांत आपली पहिली सार्वत्रिक निवडणूकहि संपत होती. दोन्ही देश नवे, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे बहुतेक लोक निरक्षर. मग फरक कोठें पडला?

तेथें लोकांनीं ५५ प्रतिनिधि निवडावयाचे होते. वरच्या सभागृहाचे अर्धे सभासद राजा नेमणार होता. स्त्रियांना मत नव्हतें. शहरांत मतदान गुप्त, पण खेड्यापाड्यांत अंमलदारांपुढें. आतां विचार करा. गांवचा अंमलदार वही उघडून बसला आहे आणि ज्याच्या उसन्या बियाण्यावर तुमची पेर झाली तो सावकार शेजारीं उभा आहे. तुमच्या तोंडून कोणाचें नांव निघेल? त्रिपोली शहरांत विरोधी पक्षाचा जोर होता. खेड्यांत सरकारी बाजू जिंकली. दंगे उसळले. विरोधी पुढारी बशीर सादावी यांना देशाबाहेर घालविलें आणि पक्षांना बंदी झाली. पुढेंहि निवडणुका होत राहिल्या. पण पक्षच नाहीं, तर निवडावयाचें कोणांतून? १९६९ सालीं लष्करानें राजाला काढलें. मतानें काढण्याचा रस्ता बुजला, म्हणून बंदुकीनें काढला. आणि बंदुकीनें आलेला माणूस मत मागावयास येत नाहीं.

आपल्याकडे त्या वेळीं सतरा कोटींवर मतदार होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याची खूण. अक्षर न येणाऱ्या मजुरालाहि आपलें मत कोणाला सांगावें लागलें नाहीं. उणीवहि सांगितली पाहिजे. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेंच लिहविल्यामुळें सुमारें २८ लाख बायकांचीं नांवें यादींतून गेलीं. मत गेलें तें अक्षर येत नव्हतें म्हणून नव्हे, स्वतःचें नांव सांगितलें नाहीं म्हणून!

आणि याच मुंबईंत, उत्तर मुंबईच्या जागेवर, १९५२ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. ज्यांनीं घटनेचा मसुदा केला, त्यांनाहि त्याच घटनेखालीं पराभव पत्करावा लागला. आपल्या मनाला तें लागतें. पण नियम सर्वांना सारखा, हें त्याहून मोठें. १९७७ सालीं तर खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलींत हरल्या आणि खुर्चीवरून उतरल्या. राजा निवडणुकीला उभाच राहत नाहीं. मग तो हरणार कसा?

म्हणून "चांगला राजा" मागणाऱ्याला शांतपणें विचारा : वाईट निघाला तर काढशील कसा?

निवडणूक दिसली कीं हुरळूं नका. तीन गोष्टी तपासा. मत गुप्त आहे काय? हरलेला पक्ष उद्यांहि बोलूं शकेल काय? खुर्चीवरचा हरला तर उतरेल काय? हे प्रश्न दिल्लीपुरते नाहींत. गांवची पंचायत, चाळीची सोसायटी, पतपेढी, कामगारांचा संघ, सगळीकडे विचारा. हात वर करून मत घेत असतील तर चिठ्ठी मागा. "साहेबांनीं दिलें" असें नळाबद्दल म्हणूं नका. आपल्या कराचें पाणी आपल्याच नळाला आलें आहे.

आणि घरीं गेल्यावर एक काम करा. मतदारांची यादी पाहा. घरांतील प्रत्येक बाईचें नांव, तिचें स्वतःचें नांव, त्यांत आहे कीं नाहीं, तें तिलाच वाचावयास सांगा. वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या पोरीला शेजारीं बसवा. तें काम तिला चांगलें येतें.