रेषांच्या घरांतील गुप्तधन

गुप्तधनाची गोष्ट ऐकतांना ज्याचा जीव टांगणीला लागत नाहीं असा मनुष्य विरळाच. परंतु ती गोष्ट नुसती न ऐकतां स्वतः तींत शिरून घडवावयाची, ही कल्पना संगणकानें प्रत्यक्षांत आणिली. अमेरिकेंत विल क्रॉथर यांनीं रचिलेल्या व १९७७ सालीं डॉन वूड्स यांनीं वाढविलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळांत गुहेंतील संपत्ति शोधावयाची असे. मात्र ती गुहा केवळ शब्दांनींच उभी केलेली होती.

कॅलिफोर्नियांतील रोबर्टा विल्यम्स यांस या खेळानें वेड लाविलें. शब्दांच्या जोडीला चित्रें असावींत, असें त्यांच्या मनानें घेतलें. कथा व चित्रें त्यांनीं रचिलीं, आज्ञावली पति केन यांनीं लिहिली. आणि १९८० सालीं ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती संगणकासाठीं विक्रीस आला. एका ओसाड बंगल्यांत रत्नें दडविलेलीं आहेत. तेथें जमलेल्या मंडळींचे एकामागून एक खून पडूं लागतात. खेळणारानें दोन शब्दांची आज्ञा टंकावी, दारें उघडावींत, काळोख पडल्यावर मेणबत्ती लावावी, आणि जीव सांभाळून रत्नें हस्तगत करावींत.

खरी अडचण जागेची होती. त्या यंत्रावरील एका पूर्ण चित्रास सुमारें ८ किलोबाइट जागा लागे. चित्रें तर सुमारें ७०, आणि एका तबकडीची सारी धारणशक्ति १५० किलोबाइटांच्याही आंत. तेव्हां विल्यम्स दांपत्यानें चित्र न साठवितां तें काढण्याची कृति साठविली: रेषा कोठून निघून कोठें जाते, एवढेच आंकडे. यंत्र दर वेळीं चित्र नव्यानें काढी. ठिपक्यांचा हिशेब ध्यानांत ठेवून रोज अंगणांत रांगोळी उमटविणाऱ्या गृहिणीचीच ही युक्ति!

चित्रें ओबडधोबड होतीं, माणसें काटक्यांच्या बाहुल्यांसारखीं. शब्दांनीं वर्णिलेली गुहा मनांत अमर्याद असते, चित्रानें तिला भिंती पडतात, असा आक्षेप घेतां येईल. आणि तो सर्वस्वीं खोटा नाहीं. तथापि या चार रेषांनीं कल्पनेला कोंडलें नाहीं. अर्धवट रेखाटलेलें दार दिसतांच त्याच्या पलीकडे काय असेल, ही उत्कंठा उलट वाढलीच.

साध्या प्लास्टिकच्या पिशवींत घालून विकलेल्या या खेळाच्या हजारों प्रती खपल्या, आणि तो उद्योग पुढें ‘सिएरा’ या नांवानें प्रसिद्धीस आला. १९८७ सालीं कंपनीनें हा खेळ सर्वांस विनामूल्य खुला केला. त्यामुळें त्या ओसाड बंगल्याचें दार आजही कोणासही ढकलून पाहतां येतें.