बालपणीचे संस्कार आणि उत्तरायुष्यातील आरोग्य



मनुष्याचे आरोग्य आणि वर्तन कोठे घडते, याचा शोध घेण्यासाठी पेण-रोह्याच्या मंडळींनी दूर जाण्याचे कारण नाही. पेण तालुक्यातील गागोदे या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना आचार्य विनोबा म्हणून ओळखू लागले.

घरच्या फणसाचे फळ पिकले की मुलाला गरे लगेच हवे असत. आई रुक्मिणीबाई मात्र पानांच्या द्रोणांत गरे भरून प्रथम शेजारी वाटावयास लावीत, मग त्याच्या हाती देत. आजोबा शंभूराव चांद्रायण व्रत करीत. शुक्ल प्रतिपदेस एक घास, पौर्णिमेस पंधरा, पुढे उतरता क्रम. चंद्रोदयानंतर पूजा होई आणि मध्यरात्र झाली तरी नातवाला झोपेतून उठवून प्रसाद दिला जाई. आपल्या घरांतील चौविहार आणि एकासणे मुले अशीच पाहून शिकतात. परंतु मूल रडू नये म्हणून त्याच्या एका हाती फरसाणाची पुडी आणि दुसऱ्या हाती मोबाईल देणारे आजी-आजोबाही आपल्यातच आहेत.

संयमालाही तोल लागतो. तरुण वयात विनोबांनी देहाची फारच उपेक्षा केली. 1938 साली त्यांचे वजन अवघे 88 पौंड उरले होते. महात्मा गांधींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे सुचविले. विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व चिंता सोडल्याचा संकल्प केला. पहिल्या दिवशी त्यांनी केवळ पाच मिनिटे शेत खणले. मग रोज थोडी वाढ करीत ते दोन तासांपर्यंत पोहोचले. काही महिन्यांत वजन 128 पौंड झाले. दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापारी वर्गाने ती पाच मिनिटे विशेष ध्यानात घ्यावीत. आपल्याकडे पहिल्याच दिवशी तासभर फिरावयाचे आणि चौथ्या दिवशी पाय दुखतात म्हणून घरी बसावयाचे, अशी रीत आहे!

1951 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हाच देह पोचमपल्लीहून भूदानासाठी निघाला आणि सुमारे तेरा वर्षे चालत राहिला.

वार्धक्यातही त्यांचे मन निवृत्त झाले नाही. भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व जैन संप्रदायांना मान्य असा एक ग्रंथ व्हावा, हा आग्रह विनोबांचाच. त्यातून जिनेंद्र वर्णीजींनी संकलित केलेला ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला.

नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः पवनारला येऊन गेल्या, तरी निश्चय ढळला नाही. 15 नोव्हेंबर रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी दीपावली होती. भगवान महावीरांचा निर्वाणदिन.