गिऱ्हाइकांची गळती व तिचा हिशेब

(मंडळाच्या चिखली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्यापारावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात मेहकर तालुक्यातील प्राथमिक शाळांत पाढे म्हणवून घेण्यात गेली. परंतु आपल्यातील काही तरुणांनी वाडवडिलांचा बंद पडलेला लाकडी घाणा पुन्हा सुरू करून करडईचे व भुईमुगाचे तेल ऑनलाइन विकण्यास आरंभ केला आहे. त्यांतील एक माझा पुतण्या. गेल्या दिवाळीत तो मजकडे आला तो शेत गहाण ठेवून कर्ज काढण्याच्या बेतानेच. कर्ज कशासाठी, तर जाहिरातीसाठी. "काका, दर महिन्याला गिऱ्हाइके वाढताहेत. जाहिरात दुप्पट केली की वाढही दुप्पट होईल," असे त्याचे म्हणणे. मी विचारले, "वाढली किती ते कळले. गेली किती?" ते मात्र त्यास सांगता येईना.

हा प्रश्न मला सुचला, यात माझी काही हुशारी नाही. शाळेत आम्ही यालाच गळती म्हणत असू. १९२९ साली हार्टोग समितीने हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी अहवाल दिला. नुसता वाढता पट पाहून ती समिती थांबली नाही. पहिलीच्या मुलांपैकी चौथीपर्यंत किती पोहोचतात हे तिने पाहिले, आणि पोहोचणारी फार थोडी निघाली. हे ठाऊक असूनही मी स्वतः एका शाळेवर असताना, पट दरसाल चढता आहे म्हणून समाधानात होतो. पहिलीत नवी मुले भरपूर येत, आणि तिसरीतून मुली मुकाट्याने घरी बसत; एकूण बेरजेत ते दिसत नसे. एका वर्षी चौथीत एकच मुलगी उरलेली पाहिली, तेव्हा कोठे मी वर्गवार हिशेब मांडला. तोवर त्या इतर मुलींपैकी कित्येकींची लग्ने ठरली होती.

असो. पुतण्याच्या वहीतील आकडे त्याचे खाजगी आहेत, म्हणून येथे सोयीचे आकडे घेतो. समजा, महिन्याच्या प्रारंभी ४०० गिऱ्हाइके होती, महिन्यात १२० नवी आली, आणि अखेरीस ४६० उरली. दुकानदार म्हणतो, ६० वाढली. पण ४०० आणि १२० मिळून ५२० व्हावयास हवी होती. म्हणजे ६० गेलीही. आता हे ६० कशाने भागावयाचे? ४०० ने भागले तर गळती १५ टक्के, ५२० ने भागले तर साडेअकरा, ४६० ने भागले तर १३. एकाच गणिताची तीन उत्तरे आली की चूक मांडणीत आहे असे समजावे. गेलेल्यांची नावे पाहिली, आणि त्यांत जुनी ३६ व नवी २४ निघाली, असे धरू. मग जुन्यांची गळती ४०० वर ३६, म्हणजे ९ टक्के. आणि नव्यांची १२० वर २४, म्हणजे २० टक्के! वाढत्या धंद्यात नव्यांची भर मोठी असते, म्हणून दोन्ही एकत्र कालवली की दुखणे कोठे आहे त्याचा पत्ता लागत नाही. तेव्हा प्रत्येक महिन्यात आलेली गिऱ्हाइके ही एक स्वतंत्र तुकडी मानावी, तिचे वेगळे हजेरीपत्रक ठेवावे, आणि परत आलेल्या जुन्या गिऱ्हाइकास नवे म्हणून कधीही नोंदवू नये.

महिन्यास ९ टक्के, तर वर्षास किती? पुतण्याने झटकन ९ गुणिले १२ केले आणि १०८ टक्के आल्यावर तो स्वतःच हसला. शंभरांतून एकशे आठ जाणार कसे? हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित आहे. दरमहा शंभरांतील ९१ उरतात, त्या ९१ चे पुन्हा शेकडा ९१, असे बारा वेळा केले की वर्षाअखेर अवघी ३२ उरतात.

मोठ्यांनाही हा हिशेब चुकत नाही. नेटफ्लिक्स कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केले की, वर्षाच्या पहिल्या तिमाहीत तिचे २ लाख वर्गणीदार घटले. एकूण वर्गणीदार २२ कोटींच्या घरात. तरी दुसऱ्या दिवशी शेअरचा भाव एक-तृतीयांशाहून अधिक कोसळला. वास्तविक युद्धामुळे रशियातील सेवा बंद केल्याने तेथलेच सुमारे ७ लाख गेले होते. ते वेगळे काढता उरलेल्या जगात ५ लाखांची वाढच होती.

वर्गणीदार गेल्याची तारीख तरी कळते. तेलाचे तसे नाही. पाच लिटरचा डबा एका घरी दीड महिना पुरतो, दुसऱ्या घरी तीन. मग नाव कमी कधी करावयाचे? आम्ही नियम केला की, त्या घराच्या दोन खरेद्यांत साधारणपणे जितके अंतर पडते त्याच्या दुप्पट काळ लोटला, की नाव गळतीत धरावे. ज्याने एकदाच डबा घेतला त्याला बाकीच्या घरांची सरासरी लावावी. नियम कोणताही असो, तो आधी ठरवावा; आकडे पाहून मागाहून ठरवू नये. पटासाठी गैरहजर मुलांची नावे चालू ठेवण्याचा मोह कसा असतो, हे येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना मी काय सांगावे?

आमचे आजोबा घाणा चालवीत तेव्हा लोक घरची करडई, जवस घेऊन येत. एखादे घर दिवाळीपूर्वी आले नाही की आजोबा पागोटे घालून त्याच्या दारी जात. ऑनलाइन गिऱ्हाईक न भांडता, न बोलता तुटते. म्हणून मी पुतण्यास पहिल्या डब्यानंतर गेलेल्यांना फोन करावयास लावले. कोणी पत्ता बदलला होता, कोणास भाव जड गेला. पण पुष्कळांनी एकच गोष्ट सांगितली: डब्याच्या तळाशी गाळ दिसला. घाण्याच्या तेलाचा गाळ खाली बसतो हे आपल्या घरी लहान पोरासही ठाऊक. पुण्यामुंबईच्या गृहिणींना ती भेसळ वाटली. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त पुन्हा मागवले नाही. जाहिरात दुप्पट केली असती, तर असेच आणखी शेकडो लोक गाळ पाहून गेले असते, आणि शेत सावकाराकडे राहिले असते.

आता तो तेल अधिक दिवस निवळू देतो व प्रत्येक डब्याबरोबर एक छापील चिठ्ठी पाठवितो. कर्ज तूर्त काढलेले नाही. गळती उतरली की नाही, हे आणखी दोनतीन तुकड्यांचे हजेरीपत्रक भरल्यावर दिसेल. त्या हजेरीपत्रकाचा कोरा नमुना मी आखून आणला आहे. ज्यांना उतरून घ्यावयाचा असेल त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या दाराशी मला भेटावे.