देवाची चांदी आणि सोनाराची मूस



सोने अंगावर आणि चांदी पायात, हा आपल्याकडील जुना रिवाज. म्हणून खेड्यातील लेकीसुनांच्या वाट्याला वाळे, तोडे, पैंजण, जोडवी आली. हातकणंगले तालुक्यातील हुपरीने याच कामात नाव मिळविले. हुपरी-रेंदाळ भागात कड्या जोडण्याचे काम घरोघरी चालते, आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा.

चांदी मात्र बाहेरची. १६व्या-१७व्या शतकांत अमेरिकेतील खाणींची चांदी नाण्यांच्या रूपाने सुरतेला उतरे. टांकसाळीत तिचे रुपये पाडीत, आणि तेच रुपये पुढे मुशीत जाऊन दागिने होत.

नुसती चांदी मऊ, म्हणून तांबे मिसळतात. रस ओतून कांब करतात, ती ठोकून जंतराच्या छिद्रांतून तार ओढतात. सांध्याला टाकणखार लावून डाग देतात. हा डाग हलक्या कसाचा. सांधे जितके अधिक, तितकी घट अधिक.

देवाच्या प्रभावळीसाठी एखादी माउली पायातले तोडे काढून देते, तेव्हा हिशेब इथेच अडतो. ८० टक्के कसाच्या १ किलो दागिन्यांतून शुद्ध चांदी ८०० ग्रॅमच निघणार. त्यात सोनाराची लबाडी नसते. पण आधी सांगितले नाही तर गावात कुजबुज होते. तेव्हा वजन आणि कस, दोन्ही पावतीवर चारचौघांसमक्ष लिहावेत.

आणि जुन्या घडणीचा तोडा आटवण्यापूर्वी जाणत्या सोनाराला दाखवावा. काळा पडला म्हणून तो टाकाऊ नव्हे. रिठ्याच्या पाण्याने हलके घासला की नक्षी पुन्हा दिसू लागते.