घराण्याचा शोध कोठून आरंभावा?

पुण्यामुंबईस यवतकर आडनांवाची मंडळी आहेत. अशा एखाद्या घरांतील मुलानें "आपण मूळचे कोठले?" असें विचारलें, कीं "आपण यवतचे" एवढें उत्तर मिळतें आणि विषय तेथेंच संपतो. वास्तविक तेथून तो सुरू व्हावयास पाहिजे. यवतमध्यें राहणारास यवतकर म्हणण्याचें कोणास कारण नसतें. तेथें तो पाटील, कुलकर्णी, सुतार अशा कांहीं नांवानें ओळखला जातो. गांव सुटलें म्हणजे गांवाचें नांव माणसास चिकटतें. तेव्हां असें आडनांव हें वास्तव्याची नव्हे, तर प्रस्थानाची खूण समजावी, आणि "आम्ही कोठले?" ह्यापेक्षां "कोण निघाला, केव्हां निघाला आणि कां निघाला?" असें विचारावें. शिवाय एकाच गांवाहून निघालेल्या निरनिराळ्या जातींच्या घरांनीं तेंच आडनांव घेतलेलें असूं शकतें. आडनांव जुळलें म्हणून भाऊबंदकी जुळत नाहीं.

पुष्कळांस वाटतें कीं हा शोध दप्तरखान्यांत सुरू होतो. तो घरांतच सुरू होतो, आणि बहुधा माजघरांत. घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीपाशीं वही घेऊन बसावें. तिला सन विचारूं नयेत. सनावळी कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. "थोरल्या काकांचें लग्न पानशेतच्या पुराआधीं झालें कीं नंतर?" असें विचारावें, म्हणजे १९६१ चा जुलै महिना हा खुंटा हातीं येतो. कोयनेचा भूकंप १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. ह्या खुंट्यांना जन्म, मरण आणि घर बदलणें हीं सारीं बांधतां येतात. सांगणारीचें नांव आणि त्या दिवसाची तारीखही वहींत लिहावी, कारण पुढें दोन आत्यांच्या हकीकती जुळल्या नाहींत म्हणजे कोणाची कोणती हें कळावें लागतें.

ह्याच बैठकींत आजीचें माहेर, तिच्या आईचें माहेर आणि लग्नापूर्वींचें नांव टिपून घ्यावें. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल होती आणि जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचींच नांवें असतात. त्यामुळें निम्मे पूर्वज कागदावर नाहींत. जात्यावर बसलेल्या बायका आपल्या भावांचीं आणि माहेरच्या गांवांचीं नांवें ओव्यांत गुंफीत. हेमा राईरकर व गी पॉइटवां ह्यांच्या प्रयत्नांनें अशा लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पण आपल्या आजीची ओवी त्यांत असेलच असें नाहीं.

मग कागद. शेतजमीन असलेल्या घरास सातबारा ठाऊक असतो, परंतु शोधकास त्याहून उपयोगी फेरफार. खातेदार वारला म्हणजे त्याच्या वारसांचीं नांवें त्यांत चढतात, आणि दोन-तीन पिढ्या एका पानावर उभ्या राहतात. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानंतरचे फेरफार विशेष लक्षपूर्वक वाचावेत. त्यांत मुलींचीं नांवें येतात, आणि पुष्कळदां पुढच्याच नोंदींत हक्कसोडपत्रानें कमी होतात. घराण्याच्या इतिहासांत एका बहिणीचें दर्शन एवढेंच! जुने फेरफार आतां अनेक ठिकाणीं संगणकावर पाहावयास मिळतात. त्यांच्या जोडीला गांव नमुना चौदामधील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचें जनरल रजिस्टर. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां हीं धूळ खात पडलेलीं बाडें खेडोपाडीं उघडलीं गेलीं. तीं दाखल्यापुरतींच उघडावींत, असें मात्र नाहीं.

यवतच्या परिसरांत एक निराळीच अडचण आहे. हा मुलूख पूर्वींच्या भीमथडी तालुक्याचा. त्याच तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरेंदुकानें फोडलीं आणि हातीं लागलेलीं खतें, रोखे व चोपड्या जाळून टाकल्या. तें लोण शिरूरकडे आणि नगर जिल्ह्यांतही पसरलें. त्या कागदांत कर्जाचे आंकडे होते, त्याबरोबरच ऋणकोचें आणि त्याच्या बापाचें नांव, जामीन, साक्षीदार, गहाण जमिनीच्या चतुःसीमा हेंही होतें. जाळणारांस दोष कोण देईल? तीच राख त्यांच्या पणतवंडांच्या शोधांत मात्र आडवी येते. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्यानें शेतकऱ्यांचे दस्त गांवच्या निबंधकापुढें करून घेण्याची व्यवस्था झाली. त्यानंतरच्या व्यवहारांचा माग लागण्याचा संभव त्यामुळें अधिक. पुढल्याच वर्षीं, १८७६ सालीं, दुष्काळ पडला. आगगाडी तर १८५८ पासूनच यवतावरून दिक्सळकडे धांवत होती. "कां निघाला?" ह्या प्रश्नाचें उत्तर अनेक घरांच्या बाबतींत ह्याच वर्षांच्या आसपास शोधावें लागेल.

त्याही मागें जावयाचें तर मोडी वाचतां आली पाहिजे. भारत इतिहास संशोधक मंडळाकडून, म्हणजे राजवाड्यांनीं १९१० सालीं पुण्यास स्थापिलेल्या संस्थेकडून, ती शिकतां येते; आणि पेशवे दप्तरही पुण्यांतच आहे. वतनदार घराण्यास तेथें महजर, निवाडे, वतनाच्या तंट्यांत लिहून दिलेल्या वंशावळी मिळण्याची आशा असते, कारण भाऊ भांडले म्हणजे पूर्वजांचीं नांवें लेखीं येतात. बलुतेदारांस आणि भूमिहीनांस दप्तर तितकें उदार नाहीं. त्यांनीं त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी अवश्य पाहाव्यात. पूर्वज यात्रेस गेला असेल, तर गांव व आडनांव सांगितल्यावर त्याच्या नांवाचें पान निघण्याचा संभव असतो.

पूर्वज पानिपतावर पडल्याची कथा मात्र वहींत वेगळ्या पानावर लिहावी. ती खोटीच असते असें नाहीं. पण १७६१ पासून आजोबांपर्यंत मधलीं नांवें जुळेपर्यंत ती त्या पानावरच बरी.

शेवटीं यवतला जाणें आलेंच. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें तें सुमारें चाळीस किलोमीटर. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचा दिवस टाळावा. त्या दिवशीं सारा गांव वारकऱ्यांच्या पिठलेंभाकरीच्या व्यवस्थेंत गुंतलेला असतो, आणि जुन्या वाड्यांबद्दल विचारणारास कोणी उभें करणार नाहीं. एरवीं काळभैरवनाथाच्या देवळापाशीं चार वृद्ध भेटतात. प्रकृति धड असेल तर आजीस बरोबर न्यावें. वहींत न आलेलें एखादें नांव तेथील एखादें दार पाहून तिला आठवेल.